घट्ट केला की अडकतो, सैल केला की हलतो: तासगावच्या एका घडीच्या चाकूचं प्रकरण

तक्रार एका दमात सांगता येणारी होती. पिव्होटचा, म्हणजे पातं ज्या आसावर फिरतं त्याचा, स्क्रू घट्ट आवळला की पातं उघडताना अडकायचं आणि जरा सैल केला की डावी-उजवीकडे डुगडुगायचं. मधली जागा हाताला लागली तरी दोन दिवसांत स्क्रू आपोआप फिरायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चाकू तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांचा. त्यांना इथे तात्या म्हणू. जावयानं अमेरिकेतून येताना सासऱ्यांसाठी आणलेला, टायटॅनियमची मूठ, साडेतीन इंचांच्या आसपास पातं, किंमत आपल्या पैशात ३५-४० हजारांच्या घरात. घरच्यांचं म्हणणं, असली वस्तू कपाटात ठेवावी. तात्यांनी ते मनावर घेतलं नाही. "हत्यार कपाटात ठिवायला आसतंय व्हय?" म्हणून चाकू पहिल्या दिवसापासून खिशात आणि खिसा बागेत. ठिबकची नळी काप, सुतळी तोड, पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची पिशवी फोड, घडातला एखादा मणी कापून गोडी बघ. जानेवारीनंतर बेदाणा शेडवर गंधकाच्या धुरीच्या खोलीतही तोच खिशात. माझ्या मते त्यांनी योग्यच केलं, पण त्यामुळे या चाकूच्या बिजागरीत जे काही साठलं ते शहरातल्या शौकिनाच्या चाकूत कधीच साठणार नाही. तिकडचे देखभालीचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते याच कारणानं.

मिरजेत माझ्याकडे चाकू आला तो भर थंडीत, द्राक्षाच्या काढणीच्या तोंडावर. तात्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मिस्त्री, ह्येला तेल मुरतच न्हाई बगा. सकाळच्याला तर पार लाकूड होतोय. दुपारी ऊन चढलं की जरा बरा." यातलं दुसरं वाक्य फार कामाचं निघालं.

आधी झालेले उपचार

पहिली दोन वर्षं कारखान्यातल्या ग्रीसवर चाकू सुरळीत चालला. मग उघडताना बारीक करकर यायला लागली. घरात निदान झालं की तेल संपलंय. स्वयंपाकघरात घाण्याचं करडईचं तेल होतं, ते सोडलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा करकर, पुन्हा तेल. उन्हाळा गेला तसा चाकू चिकटायला लागला. पुतण्यानं स्क्रू थोडा सैल केला, पातं हलायला लागलं. स्क्रू सुटू नये म्हणून त्यानं निळं लॉकटाइट आणून तेलकट मळसूत्रावर ओतलं. दिवाळीनंतर कुणीतरी सांगितलं की खोबरेल पातळ असतं, ते आत जाईल. तेही झालं. शेवटी मोटरसायकलच्या चेनसाठी आणलेला डब्ल्यूडी-४० चा फवारा.

प्रत्येक उपचारानं चार दिवस गुण आला, म्हणून कुणाला शंका आली नाही. नवं तेल पडलं की आतला जुना राडा तेवढ्यापुरता मऊ होतो, पातं हलकं फिरतं. मग तेच तेल आणखी धूळ धरून ठेवतं आणि राड्यात भर पडते. डब्ल्यूडी-४० बद्दल एवढंच सांगतो की त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. १९५३ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला ते तयार झालं तेच धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. गंजलेला बोल्ट सोडवायला, चिकट काढायला उत्तम. पिव्होटचं कायमचं वंगण म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

आत काय असतं

मुठीच्याच टायटॅनियम पट्टीतून कापलेली जीभ पात्यामागे येऊन बसते आणि पातं रोखते, ही रचना चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांची. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, १९८९ साली ते अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयसीला गेले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या सेबेन्झा चाकूनं या पठडीला नाव मिळवून दिलं. तात्यांचा चाकू त्याच पठडीतला.

पिव्होटमध्ये भाग मोजके: पात्याच्या भोकातून जाणारा कडक पोलादी बुश म्हणजे छोटी नळी, पात्याच्या दोन्ही अंगांना फॉस्फर ब्रॉन्झ या तांब्याच्या मिश्रधातूचा एकेक वायसर म्हणजे पातळ चकती, बाहेरून मुठीच्या दोन पट्ट्या आणि त्यांना आवळणारा स्क्रू. खुबी बुशच्या लांबीत आहे. पात्याची जाडी अधिक दोन वायसर यांच्या बेरजेपेक्षा बुश किंचित लांब ठेवलेला असतो. स्क्रू पूर्ण आवळला की मुठीच्या पट्ट्या बुशच्या तोंडांवर टेकून थांबतात. पातं आणि वायसर उरलेल्या फटीत मोकळे फिरतात.

म्हणजे या रचनेत पात्याचा घट्ट-सैलपणा स्क्रूनं ठरतच नाही. आपल्या हाताला सवय अडकित्त्याची. त्याचा रिव्हेट सैल झाला की दोन ठोके मारायचे, अडकायला लागला की जरा उचकटायचा. सगळा खेळ त्या एका खिळ्याच्या दाबात. बुश नसलेल्या घडीच्या चाकूंनाही हाच कायदा लागू होतो, तिथे स्क्रूचा नेमका दाब शोधावा लागतो. बुश असलेल्या चाकूत स्क्रू पूर्ण आवळायचाच असतो, आणि तसा आवळून पातं अडकत असेल तर अर्थ एकच निघतो: त्या फटीत काहीतरी जास्तीचं बसलंय. स्क्रू सैल करून त्यावर इलाज केला की फट कृत्रिमपणे वाढते, पातं हलतं आणि वाढलेल्या फटीतून आणखी धूळ आत जाते. पुतण्याचा स्क्रू दोन दिवसांत का फिरायचा तेही इथेच कळतं. बुशवर न टेकलेल्या स्क्रूवर ताणच नसतो, तो धरून राहणार कशावर?

न उघडता केलेली तपासणी

उघडण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. चाकू टेबलाच्या दिव्याखाली ठेवून कोमट होऊ दिला. अडकणं निम्म्यानं कमी झालं. घाणीत खोबरेल आहे हे इथेच पक्कं झालं, कारण शुद्ध खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि सांगली-मिरजेची जानेवारीची पहाट त्याच्या बरीच खाली असते. सकाळी लाकूड आणि दुपारी बरा, हे कोडं एवढंच होतं. पण निम्मंच सुटलं, म्हणजे उरलेला अडथळा गरम करून न विरघळणारा होता.

दुसरी तपासणी पाण्याची. पिव्होटपाशी दोन थेंब साधं कोमट पाणी सोडून पातं उघडझाप केलं आणि फडक्यानं टिपलं. फडक्याला पिवळसर, बोटाला चिकटणारा ओघळ आला. साखर! द्राक्षाचा रस वाळून आत बसला होता. तेलानं साखर सुटत नाही, रॉकेलनंही नाही. फळावर चालणाऱ्या चाकूला आधी पाणी लागतं आणि मग दुसरं काहीही. इतकी साधी गोष्ट, पण चाकू खराब होईल या भीतीनं लोक त्याला पाणीच लावत नाहीत.

उघडल्यावर

पात्याच्या धारेवर चिकटपट्टी लावून काम सुरू केलं. पहिली अडचण स्क्रूच्या डोक्यातच होती. अमेरिकन बनावटीच्या पुष्कळ चाकूंचे स्क्रू इंची मापाचे. याची खाच ३/३२ इंचाची, म्हणजे २.३८ मिमी. आपल्या संचातली २ मिमीची ॲलन की त्यात सैल पडते आणि २.५ ची आत जात नाही. पुतण्यानं २.५ ची की ग्राइंडरवर घासून आत बसवली होती. हुशारी दाद देण्यासारखी, पण खाचेचे दोन कोपरे त्यात गोल झाले होते. नशिबानं बाकीचे शाबूत होते. स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग गनचं टोक थोडा वेळ धरलं, लॉकटाइट मऊ पडलं, आणि योग्य मापाच्या कीनं स्क्रू निघाला.

पट्ट्या वेगळ्या केल्या तेव्हा वायसर आपोआप सुटले नाहीत. एक पात्याला चिकटून आला, दुसरा मुठीला. नखानं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढले. स्क्रूड्रायव्हर खुपसला असता तर अर्ध्या मिलिमीटरचा पातळ वायसर वाकला असता, आणि वाकलेला वायसर म्हणजे नवाच आजार.

वायसरवर तीन थर दिसले. वर पांढुरकं, लोण्यासारखं गोठलेलं खोबरेल. त्याखाली मधाच्या रंगाचा पारदर्शक कडक पापुद्रा, नखानं ओरखडा न उठणारा. ते करडई. करडईचं तेल वाळणाऱ्या तेलांत मोडतं, हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा पापुद्रा होतो, म्हणून तर ते रंग-रोगणात वापरत आले. पातळ थर, एप्रिल-मेचं ऊन आणि खिशातली ऊब, वार्निश तयार व्हायला आणखी काय लागतं? शेंगदाण्याचं तेल असा पापुद्रा धरत नाही, पण जुनं झालं की तेही खवट आणि चिकट होतं. स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल बिजागरीत नको, हे मी गिऱ्हाइकांना सांगतो ते याचमुळे.

तिसरा थर एका वायसरच्या कडेला, निळसर कडक कवच. लॉकटाइट. मळसूत्रावर ओतलेलं जास्तीचं द्रव तेलावरून घसरून वायसरपर्यंत पोचलं होतं. या जातीचं द्रव हवा मिळेनाशी झाली की धातूच्या संपर्कात घट्ट होतं, आणि प्रत्येक धातूवर त्याचा वेग वेगळा. तांबं आणि ब्रॉन्झवर झटकन, स्टेनलेस आणि टायटॅनियमवर सावकाश. परिणाम असा की जिथे ते नको होतं त्या ब्रॉन्झच्या वायसरवर ते आधी धरलं, आणि स्टेनलेस मळसूत्रात, त्यातही तेलावर, अर्धवटच राहिलं.

हिरव्या रंगाचा वाद

दोन्ही वायसरच्या आतल्या अंगाला हिरवट मेण लागलं होतं. तात्यांनी ते पाहिलं आणि लगेच म्हणाले, "मोरचूद हाय ह्यो. बोर्डो मारताना खिशात होता." मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, चुन्याबरोबर मिसळून त्याचाच बोर्डो करून बागेवर फवारतात. बागायतदाराला हिरवा-निळा रंग दिसला की मोरचूदच आठवणार, आणि बोर्डोचे शिंतोडे खिशापर्यंत जातातही.

मला ते पटलं नाही. बाहेरून आलेलं मोरचूद असतं तर मुठीच्या फटीत, स्क्रूच्या खाचेत, पात्याच्या पाठीवरही डाग सापडले असते. तिथे काहीच नव्हतं. हिरवा रंग फक्त ब्रॉन्झच्या तोंडावर, एकसारखा, कड्याच्या आकारात. म्हणजे तांबं वायसरमधलंच. खाद्यतेल जुनं होऊन खवट झालं की त्यात मोकळी मेदाम्लं तयार होतात आणि ती तांब्याशी संयोग पावून हिरवा साबणासारखा पदार्थ करतात. पितळेच्या समईत बरेच दिवस राहिलेलं तेल तळाशी हिरवं पडतं, त्यामागेही हीच क्रिया. दोष फवारणीचा निघाला असता तर तात्यांना चाकू बागेत न नेण्याचा सल्ला द्यावा लागला असता. दोष तेलाचा असल्यानं चाकू बागेतच राहिला, तेल बदललं.

गंधकाच्या धुरीची खूण मात्र खरी होती. पात्याच्या मागच्या भागावर, वायसरच्या कडेलगत, टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. पातं एस३५व्हीएन पोलादाचं, त्यात क्रोमियम १४ टक्के, म्हणून स्टेनलेस. पण गंधकाचा धूर ओलसरपणात मिसळला की आम्ल होतं आणि अडकून राहिलेल्या ओलीखाली स्टेनलेसही ठिपके धरतं. ठिपके वरवरचे होते, खड्डे पडले नव्हते. ते मऊ खोडरबरानं निघाले.

धुणं आणि मोजणं

क्रम महत्त्वाचा होता. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, जुन्या दातांच्या ब्रशनं. साखर आणि चुना-मातीची धूळ यात गेली. मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. खोबरेल आणि फवाऱ्याचा अंश निघाला, पण मधाच्या रंगाचा पापुद्रा जागचा हलला नाही. त्यासाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून वायसर त्यात भिजत ठेवले, पापुद्रा मऊ पडून लाकडी काडीनं सोलून निघाला. लॉकटाइटचं कवच ॲसिटोनमध्ये भिजवून नखानं काढलं. शेवटी सगळं स्वच्छ पाण्यातून काढून आयपीएत बुडवून वाळवलं.

वायसर चकचकीत करण्याचा मोह इथे आवरावा लागतो. घरी कुणीतरी चिंच घेऊन बसतं, कुणी भांडी घासायची पावडर घेतं. ब्रॉन्झ मऊ धातू आहे. पावडरचे कण त्यात रुततात आणि मग तोच वायसर पात्याच्या पोलादावर घासकागदासारखा चालतो. शिवाय जाडी कमी होते ती वेगळीच. काळपट वायसर काळपट राहू द्यावा. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही ब्रॉन्झला लावू नये, तांब्याच्या मिश्रधातूंना तो खातो.

धुण्याआधी आणि धुतल्यावर मायक्रोमीटर लावला होता. बुशची लांबी ४.६६ मिमी. स्वच्छ पातं पिव्होटपाशी ३.६४. स्वच्छ वायसर प्रत्येकी ०.५०. बेरीज ४.६४, म्हणजे फट ०.०२, वीस मायक्रॉन. कारखान्यानं ठेवलेली मोकळीक एवढीच. घाणीसकट वायसर ०.५२ आणि ०.५३ भरले होते. बेरीज ४.६९. बुशपेक्षा तीन शतांश जास्त.

तात्यांना कागदावर ही बेरीज करून दाखवली. वायसर दोन, त्यांची तोंडं चार. प्रत्येक तोंडावर एक शतांश मिलिमीटरचा पापुद्रा धरला तरी चार शतांश होतात आणि जागा दोनच शतांशांची. यात वरून कितीही तेल सोडलं तरी शिरणार कुठे? तात्या म्हणाले, "म्हंजी आमी तेल घालत हुतो तेच अडकत हुतं." बरोबर तेच.

कोणतंही वंगण न लावता चाकू एकदा कोरडाच जोडून पाहिला. ही पायरी मी कधी सोडत नाही, कारण वंगण दोष झाकतं. स्क्रू पूर्ण आवळला, पातं मोकळं फिरलं, बाजूची हालचाल बोटाला जाणवली नाही. एका वायसरच्या पात्याकडच्या तोंडावर बारीक गोल चरे होते, खड्यांनी केलेले. नखाला लागत नव्हते. वायसर बदलायला मागवायचा तर परदेशातूनच, म्हणून तो तसाच ठेवला.

वंगण कोणतं आणि किती

पर्याय पुष्कळ सुचवले जातात, इथल्या कामाला बहुतेक बसत नाहीत. ट्रॅक्टरचं एपी-३ ग्रीस घट्ट असतं, वीस मायक्रॉनच्या फटीत ते स्वतःच अडथळा होतं. ग्राफाइटची पूड कोरडी म्हणून बरी वाटते, पण हात आणि फळं काळी करते, आणि ओल असेल तर स्टेनलेसच्या गंजाला हातभार लावते. शिलाई मशीनचं तेल स्वच्छ आणि न वाळणारं, तक्रारीला जागा नाही, फक्त पातळ असल्यानं उन्हाळ्यात खिशाच्या उबेत ते मुठीवर पाझरतं आणि धुळीला वाट करून देतं.

वायसरवर चालणाऱ्या, धुळीतल्या, रसात भिजणाऱ्या चाकूसाठी मी फ्लोरिनेटेड ग्रीस निवडलं. पांढरं, वास नसलेलं, पाण्यानं न धुतलं जाणारं, वाळून चिकट न होणारं. महाग असतं, पण लागतं किती? वायसरच्या प्रत्येक तोंडावर बोटानं पुसून नुसती ओलसर झाक राहील एवढंच. आवळल्यावर कडेनं ग्रीस बाहेर आलं तर ते जास्त झालं, पुसून टाकायचं. कडेला राहिलेलं ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. एक सूचना तात्यांना मुद्दाम दिली, कारण त्यांना विडीची सवय: हे ग्रीस बोटाला असताना विडी पेटवू नका. जळत्या विडीच्या उष्णतेनं त्यातल्या फ्लोरिनयुक्त पदार्थांचा घातक धूर होतो आणि ताप भरतो.

हंगामात मधूनमधून सोडायला मेडिकल दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन सांगितलं. पोट साफ व्हायला देतात तेच. खवट होत नाही, वाळत नाही, द्राक्षाला लागलं तरी भीती नाही.

लॉकच्या तोंडाला, म्हणजे टायटॅनियमची जीभ पात्याला जिथे टेकते तिथे, काहीही लावलं नाही. तिथलं घर्षण हाच लॉकचा आधार आहे. लॉक सोडताना चिकटल्यासारखं वाटलं तर तेवढ्या जागी शिसपेन्सिलीची एक रेघ पुरते. मिटलेलं पातं धरून ठेवणारी जिभेवरची बारीक गोळी पात्यावर जिथून घसरते, त्या रेषेला मात्र ग्रीसचा स्पर्श दिला.

स्क्रूला जांभळं लॉकटाइट २२२, कमी ताकदीचं, बारीक स्क्रूसाठीच बनवलेलं. आयपीएनं तेल काढून, पूर्ण वाळलेल्या मळसूत्राच्या टोकाच्या दोन फेऱ्यांना काडीनं लावलं. बुश आणि स्क्रू स्टेनलेस, त्यामुळे चाकू रात्रभर न हलवता ठेवला. निळ्याची इथे गरज नव्हती.

बेअरिंगचा चाकू असता तर

हल्ली खटकन उघडणारे, बेअरिंगवाले चाकू तरुण मुलांकडे बरेच दिसतात, म्हणून थोडं विषयांतर. त्यांत वायसरच्या जागी बारीक गोळ्यांचं कडं असतं. तिथे ग्रीस भरलं की पात्याची चपळाई गेलीच. पातळ तेलाचा एकेक थेंब दोन्ही बाजूंना, बस. पण धुळीचा कण वायसरखाली चिरडून सपाट होऊ शकतो, गोळीखाली गेला की प्रत्येक फेरीला खट्ट करतो. गोळ्या पोलादी असतील तर गंधकाच्या शेडवर गंजतात, सिरॅमिकच्या गंजत नाहीत. गोळ्या थेट टायटॅनियमवर चालणारी स्वस्त रचना असेल तर मऊ पट्टीत चाकोरी पडते आणि ती कोणत्याही वंगणानं बुजत नाही. बागेत वापरायला कुणी विचारलं तर मी वायसरवालाच चाकू सुचवतो, मग तो कितीही सावकाश उघडो.

पुढे काय झालं

चाकू परत देताना घरी कुणी उघडायचा नाही, एवढं बजावलं. काही कारखाने गिऱ्हाइकानं चाकू उघडला की हमी नाकारतात, काही स्वतःच ॲलन की बरोबर देतात. तात्यांच्या डबीत ती की कोपऱ्यात तशीच पडून होती, इंची मापाची, कारखान्यानं दिलेली. पुतण्याला ती दाखवली तेव्हा तो हसून गप्प बसला.

काढणीच्या काळात काम संपलं की चाकू नळाखाली धरायचा, पाण्यातच उघडझाप करायची, झटकून सावलीत उघडा वाळवायचा. धुरीच्या खोलीत जाताना तो बाहेर ठेवायचा. अधूनमधून पॅराफिनचा एक थेंब, तोही पूर्ण वाळल्यावरच. आयपीए घरी वापरायचं नाही, त्यानं आत सोडलेलं पॅराफिन निघून जातं आणि सैल झालेली घाण आणखी आत सरकते.

बेदाणा शेडवरनं उतरून पोत्यांत भरला गेल्यावर तात्या चाकू दाखवायला आले. स्क्रूवर मारलेली पेनाची खूण जागची हलली नव्हती, म्हणजे लॉकटाइट धरून होतं. पातं थोडं करकरत होतं, पण अडकत नव्हतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून उघडझाप केली, करकर गेली. उघडण्याची गरज पडली नाही.

चरे पडलेल्या वायसरचा प्रश्न शिल्लक आहे. जावई पुढच्या खेपेला येताना जोडी आणणार आहेत. आली तरी लगेच बसवायची नाही असं तात्यांना सांगितलंय. स्क्रू पूर्ण आवळलेला असताना पात्याला बाजूची हालचाल जाणवायला लागली तरच. तोवर जोडी ग्रीसच्या डबीबरोबर ठेवा. "आन् घरात कुणी ईचारलं तर?" तात्यांनी विचारलं. जोडी दागिन्यांच्या डब्यात ठेवा म्हटलं, म्हणजे पुतण्याच्या हाताला लागणार नाही.